गाडी येईपर्यंत

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात कुणी अत्यवस्थ झालं की माणूस दक्षिणेला जातो आणि फोन वायव्येला. लांजी, किरणापूर, वारासिवनी, खैरलांजी इकडच्या घरांना ही वाट पाठ आहे: बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयात भागलं नाही की गोंदिया, गोंदियात भागलं नाही की नागपूर. वाट जुनीही आहे. १९५६ पर्यंत नागपूर हीच इथली राजधानी होती. हायकोर्ट तिथे, मेडिकल कॉलेज तिथे, मोठा बाजारही तिथेच. राज्याची रेघ हलली, पण सोयरिकी आणि दवाखाने हलले नाहीत. रुग्णवाहिकेचा १०८ मात्र राज्याचा क्रमांक. बैहरच्या जंगलातून लावा नाहीतर वैनगंगेच्या काठावरून, तो वाजतो चारशेहून अधिक किलोमीटरवर, भोपाळच्या कॉल सेंटरमध्ये.

तिथे हेडफोन लावून बसलेली मुलगी जिल्हा विचारते, तहसील विचारते, गाव, जवळची खूण आणि काय झालं ते विचारते, आणि जवळात जवळची गाडी पाठवते. गाडीत एक पायलट असतो, म्हणजे चालक, आणि एक ईएमटी, म्हणजे तातडीचे उपचार शिकलेला तंत्रज्ञ. खेड्यात गाडीने साधारण अर्ध्या तासात पोचावं, अशी या सेवांची अपेक्षा असते. दुसरीकडे, हृदय थांबलेल्या माणसाच्या मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला लागते, आणि छातीवर दाब न देता गेलेलं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं. गाडी कितीही वेगाने आली तरी हा हिशेब जुळत नाही. त्या मिनिटांत रुग्णापर्यंत पोचू शकणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे फोनवरचा आवाज. त्या आवाजाने काय सांगायचं आणि ते सांगायला त्याला कसं शिकवायचं, ही एक स्वतंत्र विद्या आहे. ती कुणा एकाने शोधलेली नाही. दोन फार जुने प्रवाह एकत्र येऊन ती तयार झाली.

पहिला प्रवाह मेल्यासारख्या दिसणाऱ्या जिवाला परत आणण्याच्या खटपटीचा. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, जातिसूत्रीय अध्यायात, जन्मतः न रडणाऱ्या बाळासाठी उपाय दिले आहेत: कानाच्या मुळाशी दगडावर दगड आपटावा, तोंडावर थंड किंवा गरम पाणी शिंपडावं, सुपाने वारा घालावा. बाळंतिणीभोवती अनुभवी बायका असाव्यात, असंही तिथेच सांगितलं आहे. मध्य भारतातल्या सुईणी पुढे कितीतरी पिढ्या बाळ रडलं नाही तर नाळ न कापता वार शेकत राहिल्या. यातल्या बऱ्याच उपायांना आजच्या वैद्यकात जागा नाही. पण जो जवळ आहे त्यानेच आणि त्याच क्षणी काहीतरी करायचं, वैद्याची वाट बघायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

युरोपात हीच जाणीव पाण्याच्या काठी झाली. कालव्यांच्या अॅम्स्टरडॅममध्ये १७६७ साली बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली, १७७४ मध्ये लंडनला तशीच दुसरी. त्यांच्या पद्धतींत भात्याने फुफ्फुसांत हवा भरणं होतं आणि गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणंही होतं. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी काढलेलं छापील पत्रक. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर काय करायचं, हे त्यांनी साध्या भाषेत छापून वाटलं आणि प्रयत्न करणाऱ्याला बक्षीस ठेवलं, मग तो नावाडी असो की खानावळवाला. ज्याने कधीही वैद्यक शिकलं नाही, त्याच्या हातून वैद्यकाचं काम करून घेण्यासाठी वाक्यं रचण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न. आज कॉल सेंटरच्या पडद्यावर जे प्रश्न आणि ज्या सूचना एकाखाली एक येतात, त्यांचं मूळ मी या पत्रकात पाहतो.

एकोणिसाव्या शतकात प्रथमोपचार शिकवण्याची रीत लष्करातून बाहेर आली. १८७७ मध्ये इंग्लंडात सेंट जॉन अॅम्ब्युलन्स असोसिएशन निघाली आणि तिच्या शिकवण्या साम्राज्यभर गेल्या. आपल्याकडे त्या रुजल्या त्या मुख्यतः रेल्वे, पोलीस आणि खाणींत. बालाघाट हा खाणींचा जिल्हा: भरवेली, उकवा, तिरोडी इथलं मँगनीज, मलाजखंडचं तांबं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून बालाघाटकडे आणि पुढे जबलपूरपर्यंत छोटी लाइन टाकली गेली. खाण आणि रेल्वे आली की तारयंत्र येतं, पुढे टेलिफोन येतो, आणि प्रथमोपचाराची पेटीही येते. १९५२ च्या खाण कायद्याने तर ही पेटी सक्तीची केली आणि ती प्रथमोपचार शिकलेल्या माणसाच्या ताब्यात असावी, असंही लिहून ठेवलं. म्हणजे खाणीच्या कुंपणाच्या आत ही विद्या कायद्याने आली. कुंपणाबाहेर, रोवणीच्या बांधीत किंवा बोडीच्या काठावर, ती कुणी नेली नाही.

खरा बदल घडवला १९५० च्या दशकातल्या बाल्टिमोर शहराने. पीटर सफर हे तिथले भूलतज्ज्ञ. त्या काळी बुडालेल्याला पालथं घालून पाठ दाबायची आणि हात वर उचलायचे, हीच अधिकृत पद्धत होती. सफर यांनी स्वयंसेवकांना गुंगी देऊन, औषधाने त्यांचे स्नायू लुळे करून त्यांचा श्वास थांबवला आणि मग पद्धतींची तुलना केली. पाठ दाबल्याने हवा पुरेशी आत जात नव्हती. डोकं मागे झुकवून तोंडाने फुंकली की जात होती. फुंकणाऱ्यांत डॉक्टर नसलेली साधी माणसंही त्यांनी मुद्दाम घेतली होती, कारण साध्या माणसाला हे जमतं का, हाच त्यांचा प्रश्न होता. १९५८ मध्ये हे काम छापून आलं.

त्याच शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन नावाचे विद्युत अभियंते हृदयाला विजेचा झटका देण्याच्या यंत्रावर काम करत होते. यंत्राच्या जड पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर दाबल्या की झटका देण्याआधीच त्याच्या रक्तदाबात उसळी येते, हे त्यांचे तरुण सहकारी गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आलं. शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्या मदतीने हीच गोष्ट माणसावर करून पाहिली गेली. जुलै १९६० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात वीस रुग्णांचा अहवाल आला. त्यांतले सत्तर टक्के वाचले होते. तोवर थांबलेलं हृदय चालू करायचं तर छाती उघडून ते हातात धरावं लागे. आता दोन तळवे पुरेसे होते. त्याच वर्षी नॉर्वेचे खेळणीवाले ऑसमुंड लार्डाल यांनी सरावासाठी मानवी आकाराची बाहुली बाजारात आणली.

तरीही ही विद्या लगेच लोकांच्या हाती गेली नाही. अमेरिकेतल्या अधिकृत शिफारशी पुढची काही वर्षं छातीदाबाचं शिक्षण वैद्यकीय लोकांपुरतंच ठेवा म्हणत होत्या. बरगडी मोडेल, चुकीच्या माणसावर प्रयोग होतील, ही भीती. सिएटलमध्ये लेनर्ड कॉब या हृदयरोगतज्ज्ञांनी आणि अग्निशमन दलाचे प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा बंध तोडून सामान्य नागरिकांना सरसकट शिकवायला घेतलं. १९७४ च्या राष्ट्रीय शिफारशींनीही मग लोकांना शिकवण्याचा मार्ग मोकळा केला.

दुसरा प्रवाह फोनचा. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर आग लागून पाच बायका गेल्या. शेजाऱ्याने अग्निशमन दलाला लावलेला फोन एक्स्चेंजच्या रांगेत अडकून राहिला होता. त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. अमेरिकेत पहिला ९११ लागला तो १६ फेब्रुवारी १९६८ ला, अलाबामातल्या हेलिव्हिल या छोट्या गावात. या साऱ्या यंत्रणांत फोन घेणाऱ्याचं काम एकच होतं: पत्ता घ्या, गाडी पाठवा, लाइन मोकळी करा. वैद्यकीय सल्ला द्यायला त्याला सक्त मनाई असे. त्याचं शिक्षण तेवढं नाही आणि चूक झाली तर कोर्टात कोण उभं राहणार, हा त्यामागचा विचार.

हे दोन प्रवाह जिथे मिळाले, तो प्रसंग ठरवून घडवलेला नव्हता. १९७० च्या दशकाच्या मध्यात अॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये एका आईचा फोन आला. बाळ श्वास घेत नव्हतं. अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात त्या वेळी बिल टून नावाचे पॅरामेडिक होते. त्यांनी नियमाची वाट न बघता त्या आईला फोनवरूनच श्वास कसा द्यायचा ते सांगितलं आणि बाळ वाचलं. मग फिनिक्सने हे काम रीतसर सुरू केलं. सॉल्ट लेक सिटीत डॉ. जेफ क्लॉसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीला प्रत्येक तक्रारीसाठी प्रश्न आणि सूचना यांची कार्डं बांधली. पोटदुखीला एक कार्ड, गुदमरण्याला दुसरं.

मला या सगळ्यांत सर्वांत मोलाचं वाटतं ते सिएटलभोवतीच्या किंग काउंटीतलं काम. मिकी आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फोनवरून छातीदाब शिकवण्याचा मजकूर तयार केला, पण टेबलावर बसून नाही. त्यांनी हृदय थांबलेल्या रुग्णांच्या खऱ्या कॉलचं ध्वनिमुद्रण ऐकलं. माणसं किंचाळताना काय बोलतात, कुठला प्रश्न त्यांना कळत नाही, कुठे वेळ जातो, हे टिपून एकेक वाक्य घडवलं आणि अननुभवी लोकांवर ते तपासलं. १९८५ साली त्यांचा अहवाल आला: गाडी पोचण्याआधी जवळच्या कुणीतरी छातीदाब सुरू केल्याचं प्रमाण ४५ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर गेलं होतं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही, फक्त फोन घेणाऱ्याला शिकवलेली वाक्यं.

तिथून पुढे चाळीस वर्षं या वाक्यांवरच काम चाललं आहे आणि त्यातलं बरंचसं आपल्या कामाचं आहे. २००० साली सिएटलच्याच अभ्यासात फोनवरून तोंडाने श्वास आणि छातीदाब दोन्ही शिकवणं याची तुलना नुसता छातीदाब शिकवण्याशी केली गेली. नुसत्या दाबाच्या सूचना ८१ टक्के वेळा पूर्ण देता आल्या, दोन्हींच्या ६२ टक्केच. शिवाय जवळजवळ दीड मिनिट वाचलं. कपडे काढायला सांगितलं तर वेळ जातो, म्हणून ते वाक्यच गाळावं, असं एका अभ्यासात दिसलं. किती सेंटिमीटर दाबायचं ते सांगण्यापेक्षा ‘जितक्या जोराने दाबता येईल तितकं दाबा’ म्हटलं की दाब खोल जातो, असं दुसऱ्यात. चांगली केंद्रं आज कॉल लागल्यापासून दीड मिनिटात पहिला दाब पडावा असं ध्येय ठेवतात. अडीच मिनिटं ही त्यांच्या दृष्टीने शेवटची मर्यादा.

फोन घेणाऱ्याला शिकवतात ते सार दोन प्रश्नांत मावतं. माणूस शुद्धीवर आहे का? नेहमीसारखा श्वास घेतोय का? दोन्हींना ‘नाही’ आलं की पुढे काहीही न विचारता दाब सुरू करायचा. यातला ‘नेहमीसारखा’ हा शब्द पुष्कळ जिवांची किंमत मोजून आलेला आहे. हृदय थांबल्यावरही काही मिनिटं शरीर मधूनमधून आचके देत हवा ओढतं. घरातल्यांना वाटतं, जीव आहे, श्वास चालू आहे. ‘श्वास आहे का’ एवढंच विचारलं तर ते ‘हो’ म्हणतात आणि दाब कधी सुरूच होत नाही.

हृदय थांबल्याच्या पहिल्या क्षणी कधीकधी हातपायही आखडतात. मग फोनवर ‘फिट आली’, ‘मिर्गी का दौरा है’ असं सांगितलं जातं, आणि घरात कांदा नाकाशी धरण्याची, मुठीत किल्ल्या देण्याची धावपळ चालू असते. आपल्याकडे माणसं ‘घरघर लागली’ म्हणतात, ‘डोळे फिरवले’, ‘दातखिळी बसली’ म्हणतात. हिंदीत ‘साँस उखड़ रही है’. या प्रत्येक बोलण्यामागे थांबलेलं हृदय असू शकतं, हे ओळखायला जो कान लागतो, तो वर्गात बसून पाठ केलेल्या कार्डाने तयार होत नाही. त्यासाठी या भागातले खरे कॉल ऐकावे लागतात.

क्लॉसन यांच्या शिकवणीतला एक धडा मला फार शहाणा वाटतो. समोरचा माणूस ओरडत असेल, रडत असेल, तर त्याला ‘शांत व्हा’ म्हणून उपयोग नाही. एकच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच सुरात पुन्हा पुन्हा सांगायचं: ‘मी सांगते तसं करा, आपण त्याला मदत करू शकतो.’ दरवेळी वाक्य बदललं की ऐकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय, आणि तो आणखी गोंधळतो. बदललं नाही की तिसऱ्या-चौथ्या वेळी ते त्याच्या कानात शिरतं. मग त्याला मोजायला लावायचं, मोठ्याने, फोनवर ऐकू येईल असं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस. मोजणी मंदावली की थकवा कळतो. मग दुसऱ्याला बसायला सांगायचं.

भारतात आपत्कालीन क्रमांकाची मोठी सुरुवात १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादला झाली, ईएमआरआय या संस्थेच्या १०८ ने. मध्य प्रदेशात १०८ आली २००९ मध्ये, भोपाळपासून. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ ला. तिचं नियंत्रण केंद्र पुण्यातल्या औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारात उभं राहिलं, आणि तिच्या सुरुवातीच्या ९३७ गाड्यांत डॉक्टर ठेवण्याची रीत महाराष्ट्राने स्वीकारली. म्हणजे सीमेच्या गोंदियाकडच्या अंगाला गाडीतून डॉक्टर येतो, बालाघाटकडच्या अंगाला ईएमटी येतो आणि सल्ला देणारा डॉक्टर भोपाळच्या केंद्रात असतो. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण गाडी येण्याआधीच्या मिनिटांत दोन्हीकडचा माणूस सारखाच एकटा असतो.

हैदराबादच्या मूळ रचनेत केंद्रातल्या डॉक्टरने फोनवर आधी सूचना द्याव्यात, ही कल्पना होती. तरी भारतभर या सेवांचं मोजमाप झालं ते गाड्यांच्या संख्येवर आणि गाडी किती मिनिटांत पोचली यावर. पहिला फोन उचलणाऱ्याच्या वाक्यांना त्या मोजमापात जागा मिळाली नाही. त्यातच सेवा चालवणारी कंपनी निविदेप्रमाणे बदलते. मध्य प्रदेशातही ती बदलत आली आहे. नवी कंपनी आली की संगणकप्रणाली नवी, माणसं बरीचशी नवी, आणि आधीच्यांच्या कानांनी जे शिकलं होतं ते त्यांच्याबरोबर निघून जातं. फोनवरच्या सूचनांचा मजकूर, त्याचं प्रशिक्षण आणि कॉलची मुद्रणं ही राज्याच्या आरोग्य खात्याच्या मालकीची असावीत, कंत्राटदाराच्या नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आशियात हे होत नाही, असं कुणी म्हणू नये. सिंगापूरने २०१२ मध्ये फोनवरून छातीदाब शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि जवळच्या माणसांनी दाब दिल्याचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर नेलं. त्या शहरातही चार भाषा बोलल्या जातात. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आणि इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी नुसत्या छातीदाबाची सुटसुटीत पद्धत घालून दिली. पोलिसांचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक एक करणारा ११२ मध्य प्रदेशात ऑगस्ट २०२५ मध्ये डायल १०० च्या जागी आला. महाराष्ट्रात तो आधीच आला होता. आता अपघाताचा किंवा बुडाल्याचा पहिला फोन पोलिसांच्या केंद्रातही जाऊ शकतो. म्हणून ही वाक्यं तिथल्या माणसालाही यायला हवीत.

पण सिंगापूरचं कार्ड उचलून बालाघाटला चालणार नाही. शहरातलं कार्ड पन्नाशीच्या पुरुषाचा हृदयविकार डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं असतं. इथे रोवणीच्या दिवसांत बांधीत काम करणाऱ्या बायकांवर वीज पडते. विजेने होणाऱ्या मृत्यूंत मध्य प्रदेश देशात वरच्या क्रमांकावर असतो. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसेल, अशी समजूत आहे, बसत नाही. त्याला शेणात पुरून ठेवण्याचे प्रकार मध्य प्रदेश-छत्तीसगडात अजून घडतात. अशा माणसाचं हृदय कधीकधी आपोआप चालू होतं, श्वास मात्र बंदच राहतो, आणि केवळ श्वास दिल्याने तो वाचू शकतो. चार जणांवर वीज पडली असेल तर विव्हळणाऱ्याकडे नंतर, निपचित पडलेल्याकडे आधी जायचं, हे उलटं गणितही फोनवरूनच सांगावं लागतं.

तसंच मण्यारचं. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते, दंश धड दिसत नाही, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. इथे काय करू नका ते आधी सांगावं लागतं: घट्ट दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहिल्याने प्रतिविष मिळेपर्यंत माणूस टिकू शकतो. वैनगंगेत किंवा तलावात बुडालेल्यालाही नुसता दाब पुरत नाही. तिथे श्वास आधी. मोठ्या शहरांत सूचना सोप्या करण्यासाठी जे श्वासाचं वाक्य गाळलं गेलं, तेच इथल्या निम्म्या कार्डांत परत घालावं लागेल.

आणि बाळंतपण. देशभरात १०८ ला येणाऱ्या कॉलमध्ये बाळंतपणाचा वाटा फार मोठा असतो. गाडी येईपर्यंत बाळ झालं आणि रडलं नाही, तर त्याला कोरडं करा, पाठ चोळा, नाक-तोंड पुसा, तरी रडलं नाही तर हळू फुंकर द्या, एवढं फोनवर सांगता येतं. खेड्यातल्या बायकांना हे कसं जमेल, या शंकेचं उत्तर याच वैनगंगेच्या खालच्या अंगाला मिळालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. न रडणाऱ्या बाळाला आधी तोंडाने, मग नळी-मास्कने, मग पिशवी-मास्कने श्वास द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी उतरला होता. पुढे आशा ताईंनी घरोघर जाऊन बाळ तपासण्याचा देशव्यापी कार्यक्रम याच कामातून निघाला. चरकाच्या अध्यायातल्या त्या अनुभवी बायका गडचिरोलीत नव्याने शिकून उभ्या राहिल्या. भोपाळच्या फोनवर कुणी विचारलं की ‘गावात आशा ताई आहे का, तिला हाक मारा’, तर निम्मं काम होऊन जातं. हा प्रश्न पडद्यावर पत्त्याच्या लगेच खाली असायला हवा.

अडचणी सगळ्यांनाच माहीत आहेत. बैहर-परसवाड्याच्या काही भागांत फोनला रेंज मिळते ती टेकडीवर किंवा रस्त्याच्या वळणावर, आणि रुग्ण असतो घरात. तेव्हा टेकडीवरच्या मुलाला वाक्य लहान करून द्यावं लागतं, पळत जाऊन सांगता येईल असं. दाब द्यायचा तर छातीच्या मधोमध तळवा टेकवावा लागतो. भावजयीच्या, सुनेच्या छातीला हात कसा लावायचा म्हणून पुरुष थबकतो. फोनवरच्या मुलीकडे त्या क्षणासाठी वाक्य तयार हवं: घरात बाई असेल तर तिला बसवा, नसेल तर तुम्हीच करा, कुणी काही म्हणणार नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण दिलं आहे. पोलिसांच्या भीतीने मागे सरणाऱ्याला हेही दोन शब्दांत सांगता येतं.

भाषेचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. किंग काउंटीच्या अभ्यासात इंग्रजी कमी येणाऱ्यांच्या कॉलमध्ये दाब सुरू व्हायला जास्त वेळ लागला होता. बालाघाटमधली माणसं घरात पोवारी बोलतात, मराठी बोलतात, बैहरकडे गोंडी बोलतात. शाळेत, बाजारात हिंदी चालते, पण मूल पाण्यातून काढलेल्या आईच्या तोंडी घरचीच बोली येते. भोपाळच्या मुलीला ती समजली नाही तर दोष तिचा नाही. तिला कुणी ती ऐकवलेलीच नसते. फोन घेणाऱ्या मुला-मुलींना जेवढं शिकवलं जातं, त्याहून कितीतरी जास्त त्यांच्याकडून मागितलं जातं. रात्रपाळी असते, थट्टेचे आणि चुकीचे असंख्य फोन असतात, आणि खऱ्या फोनच्या शेवटी माणूस वाचला की गेला, हे कळतही नाही. चांगल्या केंद्रांत ते मुद्दाम कळवतात, कारण आपल्या वाक्याने काय झालं हे कळल्याशिवाय वाक्य सुधारत नाही.

सुरुवात करायला फार पैसा लागत नाही. आयझेनबर्ग यांनी केलं तेच करायचं. बालाघाटमधून लागलेल्या गेल्या वर्षाच्या कॉलची मुद्रणं, नाव-गाव पुसून, बाजूला काढायची. लांजी, बैहर आणि कटंगीच्या दोन-दोन आशा ताई, जिल्ह्यातले दोन ईएमटी, एक भूलतज्ज्ञ आणि फोन घेणाऱ्या पाच-सहा मुलामुलींनी एका खोलीत बसायचं. जमिनीवर सरावाची बाहुली ठेवायची, म्हणजे जी मुलगी फोनवर ‘जोरात दाबा’ म्हणणार आहे, तिला दोन मिनिटं दाबल्यावर दंड किती भरून येतात ते स्वतःला कळेल. मग एकेक मुद्रण लावायचं. आईने काय म्हटलं ते आशा ताईने सांगायचं, त्यावर कुठला प्रश्न आधी विचारायला हवा होता ते ईएमटीने, आणि तो प्रश्न पोवारीत, गोंडीत, मराठीत कसा विचारला तर एका श्वासात कळेल ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ठरलेलं वाक्य लिहून दुसऱ्या दिवशी वारासिवनीच्या बाजारात चार बायकांना ऐकवायचं. त्यांचे हात बरोबर जागी गेले नाहीत तर परत येऊन पुन्हा लिहायचं.